पालथा ढोल

सी तय्यब यांनी खोलीची किल्ली माझ्या हातावर ठेवली खरी, पण सोडली नाही. एक टोक त्यांच्या चिमटीत, एक माझ्या. "नझीहा, एकही तमाशा नको," ते म्हणाले. "एक जरी मूल किंचाळत त्या जिन्यावरून खाली आलं, तर सोमवारी खोली परत रेडिओवाल्यांना. मला कमिटीत तोंड दाखवायचं असतं."

मी म्हटलं, होणार नाही तमाशा. आवाज इतका खात्रीचा लागला की माझं मलाच नवल वाटलं. 

सी तय्यब, 'सी' म्हणजे आमच्याकडे साहेब, आमच्या शबाब फुटबॉल क्लबचे सेक्रेटरी, शाळा तपासनीस म्हणून निवृत्त झालेले. अजूनही माणसाकडे बघतात ते वहीत लाल खूण करायची आहे अशा नजरेनं. ही खोली त्यांच्याकडून मिळवायला मला आठ महिने लागले. मी जीन्सच्या कारखान्यात खिसे जोडणारी बाई. माझ्या अर्जाला कोण विचारतो? आठ महिने दर गुरुवारी सुट्टी झाली की त्यांच्या ऑफिसबाहेरच्या बाकावर जाऊन बसायचे. शेवटी मला टाळून टाळून ते कंटाळले असावेत.

खोली म्हणजे गोलपोस्टमागच्या स्टँडच्या अगदी वरची, रेडिओवर कॉमेंट्री करणाऱ्यांची जुनी केबिन. त्या स्टँडला, आणि तिथं बसणाऱ्या लोकांनाही, आम्ही विराज म्हणतो. तीन बाजूंनी भिंत, समोर जाड काच. मी कारखान्यातल्या कापडाचे गठ्ठे पाठीवर मारून आणले, जाड पडदे शिवले, गाद्या शिवल्या. सिमेंटच्या कारखान्यातून कामगार कानाला लावतात ती टोपणं मागून आणली. एका कोपऱ्यात टेबलावर चादर टाकून खाली अंधारी गुहा केली. गर्दी, दिवे, आरडाओरडा सहन होत नाही अशा मुलांना इथं बसून मॅच बघता यावी, एवढंच. आज पाच मुलं येणार होती. पाचातली एक माझी, दुर्रा.

दुर्रा नऊ वर्षांची आहे आणि स्वमग्न आहे. आमचं घर स्टेडियमच्या मागच्या गल्लीत, तिसऱ्या मजल्यावर. एक रविवार सोडून एक रविवार ती गॅलरीच्या कठड्याला छाती टेकवून उभी राहते आणि विराजचा ढोल ऐकते. तिथून मैदान दिसत नाही, विराजच्या खालच्या पायऱ्यांचा एक तुकडा दिसतो तेवढाच. पण ढोल कसा वाजतोय त्यावरून ती सांगते, आपला गोल की त्यांचा, कॉर्नर की पेनल्टी. टीव्हीवर तीच मॅच लावली तर पाठ फिरवून बसते. गेल्या वर्षी एका रविवारी ती कठड्यापासून वळली आणि म्हणाली, "आत." दुसरं काही नाही. पुढच्या मॅचला पुन्हा, "आत." म्हणून मी तो बाक आठ महिने झिजवला.

तो ढोल अकरा वर्षं तिचा बाप वाजवायचा. मुनजी, माझा नवरा. दोन वर्षांपूर्वी, फेब्रुवारीत, बंदराच्या रस्त्यावर त्याच्या मोपेडला लॉरीनं उडवलं. दुर्रा तेव्हा सात वर्षांची होती. तिला काय सांगायचं, यावर माझी सासू आणि मी स्वयंपाकघराचं दार लावून बोललो, आणि ठरवलं की बाबा इटलीला गेला म्हणायचं. आमच्याकडे याहून सोपी थाप नाही. तीन घरं सोडली की एका घराचा माणूस इटलीत असतो, कोणी कधी परत येतो, कोणी येत नाही, कोणी काही विचारत नाही. दुर्रानंही विचारलं नाही. एकदाही नाही. शेजारणी म्हणाल्या, अशा मुलांना कळत नसतं गं, बरंच आहे एका अर्थी. मी ते मान्य केलं, कारण मला ते सोयीचं होतं.

मुनजीनंतर ढोल आणि विराज दोन्ही शाधलीकडे आलं. शाधली मासळीबाजारात बसतो, आवाज असा की बर्फ फुटावा. मॅच चालू असताना तो स्टँडच्या पायथ्याशी भिंतीवर उभा राहतो, मैदानाकडे पाठ करून, लोकांकडे तोंड करून, आणि तीन हजार माणसांकडून गाणी म्हणवून घेतो. या दोन वर्षांत त्यानं स्वतःच्या क्लबचा एक गोल डोळ्यांनी पाहिलेला नाही, आणि याचा त्याला अभिमान आहे.

मागच्या आठवड्यात तो घरी आला. दारातच चपला काढून उभा राहिला आणि म्हणाला, मुनजीची पोरगी वर बसणार आहे, तर आम्ही काय करायचं ते सांग. मी तोवर आवाजाबद्दल जे मिळेल ते वाचलं होतं. कुठला आवाज किती वाईट, कुठल्या मुलानं कशामुळे डोकं भिंतीवर आपटलं. मी म्हटलं, पहिल्या हाफला अजिबात आवाज नको. ढोल नको, गाणी नकोत, भुईनळे तर नकोतच.

शाधलीनं पायानं चपला सरळ केल्या. मग म्हणाला, "उम्म दुर्रा," म्हणजे दुर्राची आई, "विराज फक्त मयताला गप्प बसतो."

हे मला काय नवीन नव्हतं. विराजमधलं कोणी गेलं की पुढच्या मॅचला ढोल जमिनीवर पालथा घालतात आणि पहिली पंधरा मिनिटं कोणी तोंड उघडत नाही. पंधरा मिनिटं झाली की ढोल उचलतात. मुनजीसाठीही केलं होतं. मी शाधलीला म्हटलं, "मेलेल्यांसाठी बसता ना, मग एकदा जिवंत पोरांसाठी बसा की." हे वाक्य मला स्वतःलाच इतकं आवडलं की दुसऱ्या दिवशी कारखान्यात तिघींना ऐकवलं. शाधलीनं मान डोलावली. दुर्राची आई म्हणते म्हणजे तिला माहीत असणार, असं त्याला वाटलं.

तर असा रविवार उजाडला. मी दुर्रासाठी सात फोटो एका पट्टीवर चिकटवले होते. घराचं दार, गल्ली, मागचं गेट, जिना, खोली, काच, पुन्हा घर. प्रत्येक ठिकाणी पोहोचलो की ती त्या फोटोवर अंगठा दाबायची. जिन्याच्या चौऱ्याऐंशी पायऱ्या तिनं मोठ्यानं मोजल्या. हिरवी लोकरीची टोपी तिनं डोळ्यांपर्यंत ओढली होती, आणि मला वाटलं, चाललंय, आत्तापर्यंत तरी चाललंय. सी तय्यब दाराबाहेर लोखंडी खुर्ची टाकून बसले होते. कान खोलीकडे.

बाकीची चार मुलं आपापल्या आयांबरोबर आली. दोघं जुळे भाऊ थेट टेबलाखाली घुसले. एक मोठी मुलगी गादीवर आडवी झाली आणि टोपणं लावून छताकडे बघत राहिली. चौथा कैस, आठ वर्षांचा. त्याची आई वसीला कैरवानजवळच्या एका खेड्यातून दोन गाड्या बदलून आली होती. तिनं मला बसल्या बसल्या सांगितलं की कैसला लग्नात नेता येत नाही, मशिदीत नेता येत नाही, न्हाव्याकडे नेता येत नाही, केस ती झोपेत कापते. तो दिवसभर दोन्ही तळहात कानांवर दाबून फिरतो. आत आला तोही तसाच, कोपरं वर, मान खाली.

मग शिट्टी वाजली आणि मॅच सुरू झाली.

तीन हजार माणसं गप्प बसली म्हणजे काय होतं ते मी कधी ऐकलं नव्हतं. बॉलवर बसलेली लाथ ऐकू येत होती. गोलकीपर काहीतरी ओरडला ते शब्दन्‌शब्द कळलं. समुद्राकडून येणारे पक्षी ओरडत होते. लोक सूर्यफुलाच्या बियासुद्धा जपून फोडत होते. समोरच्या स्टँडवाल्यांनाही शाधलीनं निरोप धाडला होता, तेही हाताची घडी घालून बसले होते. मी काचेतून ते सगळं बघत राहिले. एवढी माणसं, आमच्या पाच मुलांसाठी.

वसीलानं माझा दंड दाबला. "बघ," ती कुजबुजली. कैस काचेपाशी उभा होता आणि त्याचे हात खाली होते. मांड्यांपाशी सरळ लोंबत होते, जणू त्याचे नव्हेतच.

चौथ्या मिनिटाला दुर्रा म्हणाली, "कोण मेलं?"

मला वाटलं कुठलं तरी ऐकलेलं वाक्य म्हणतेय. मी म्हटलं, कोणी नाही, तो बघ हिरवा आठ नंबर, कसा पळतोय.

"ढोल पालथा आहे," दुर्रा म्हणाली. "कोण मेलं?"

मी खाली बघितलं. शाधली भिंतीवर उभा होता, आमच्याकडे तोंड करून, हाताची घडी घालून. त्याच्या पायांशी ढोल पालथा पडला होता. कोणाचा चुकून हात लागू नये म्हणून पोरांनी सवयीनं घातला असणार. विराज गप्प बसायचा तर ढोल पालथा, त्यांना दुसरी रीत माहीतच नव्हती.

दुर्रानं नावं घ्यायला सुरुवात केली. एकेका नावाला एकेक बोट काचेवर टेकवायची. आजी? घरी आहे, मी म्हटलं, बरी आहे. खालचा बेकरीवाला? जिवंत आहे, सकाळी त्यानंच पाव दिला. शाळेतली बाई, औषधांच्या दुकानातला लंगडा म्हातारा, शाधली. अगं, शाधली हा काय समोर उभा. दहा बोटं संपली. तिचा श्वास भराभर चालायला लागला होता.

"बाबा मेला तेव्हा असंच होतं," ती म्हणाली. "ढोल पालथा. पंधरा मिनिटं."

मी गादीच्या कडेवर बसले. तो रविवार मला आठवला. घर बायकांनी भरलं होतं, रडणं चाललं होतं, आणि पोर घाबरू नये म्हणून मी तिला ब्लँकेटमध्ये गुंडाळून शेजारच्या मुलीबरोबर गॅलरीत ठेवलं होतं. ती तिथून बघत होती, ऐकत होती. पंधरा मिनिटं मोजत होती. आणि त्यानंतर दोन वर्षं माझ्या तोंडून इटली ऐकत होती. ईदला मी तिला लाल बूट आणले आणि म्हटलं, बाबानं पाठवले. ते बूट तिनं एकदाही पायात घातले नाहीत. मला वाटलं, टोचत असतील.

"इटली नाही," दुर्रा म्हणाली. माझ्याकडे बघत नव्हती. "आता कोण?"

मी तिच्या खांद्यांवर हात ठेवले, जोर देऊन, तिला चालतं तसं. म्हटलं, नाही, इटली नाही. बाबा मेला. तू म्हणतेस ते खरं आहे. हा शब्द मी तिच्यासमोर पहिल्यांदा उच्चारला, आणि तोंडात खडा आल्यासारखं झालं. मग म्हटलं, आज मात्र कोणी मेलेलं नाही. मी सांगितलं म्हणून लोक गप्प आहेत. तुम्हाला मुलांना त्रास नको म्हणून.

तिनं ऐकलं. मग म्हणाली, "तू इटली म्हणाली होतीस."

 दोन वर्षांत मी माझ्या शब्दाची किंमत स्वतःच घालवून बसले होते. दुर्रानं समोरच्या घड्याळाकडे बोट केलं. सात मिनिटं झाली होती. "पंधराला उचलतील," ती म्हणाली. पण पंधराला कोणी काही उचलणार नव्हतं. मी पंचेचाळीस मिनिटं मागितली होती. पंधरा मिनिटं म्हणजे एक माणूस मेला, मग पंचेचाळीस म्हणजे किती, हा हिशोब ती करणार, आणि मग काय होईल ते मला माहीत होतं. तिचं मनगट तोंडात गेलं होतं. आधी मनगट, मग डोकं काचेवर, मग ती किंकाळी जी आमच्या गल्लीच्या टोकापर्यंत जाते. दाराबाहेर सी तय्यब.

शाधलीकडे फोन नसतो, स्टँडवर फोन हातात घेणाऱ्याला तो स्वतः हाकलतो. पण त्याचं तोंड आमच्याकडे होतं. मी काचेवर हात आपटला, त्याला दिसेपर्यंत आपटला. मग दोन्ही तळहात वर उलटून दाखवले. ढोल, उलटा कर, उचल. शाधलीनं डोळे बारीक केले. मग त्याला समजल्यासारखं झालं. त्यानं लोकांकडे बघून दोन्ही हात खाली दाबले, आणखी खाली, आणि ओठांवर बोट ठेवलं. बिया फोडणंसुद्धा थांबलं. त्यानं माझ्याकडे बघून छातीवर हात ठेवला. जणू म्हणत होता, काळजी करू नकोस, आम्ही आहोत.

मला रडावं की हसावं कळेना. घड्याळात नऊ.

आता खाली जाणं भाग होतं. आणि त्याआधी वसीलाला सांगणं भाग होतं. मी तिच्याजवळ गेले तेव्हा ती ओढणीच्या टोकानं डोळे पुसत होती. कैस काचेवर नाक लावून बॉलच्या मागे मान वळवत होता. उजवीकडे, डावीकडे. हात खालीच.

मी म्हटलं, ढोल वाजवायला सांगावं लागणार.

तिला आधी खरंच वाटेना. "तूच मागितलीस ना शांतता?" ती हळू आवाजात म्हणाली, पण दात आवळून. "मी दोन गाड्या बदलून आले ते या शांततेसाठी. बघतेस ना त्याचे हात?"

"बघतेय."

"मग?"

"माझ्या मुलीला वाटतंय कोणीतरी मेलंय. पंधराव्या मिनिटाला ढोल वाजला नाही तर तिला पटणार नाही. तिचा बाप गेला तेव्हा असंच झालं होतं, आणि मी तिच्याशी खोटं बोलले होते."

वसीलानं दुर्राकडे बघितलं. मनगटावर दातांच्या खुणा उमटल्या होत्या. मग तिनं कैसच्या हातांकडे बघितलं, बराच वेळ. किती मिनिटं उरली, तिनं विचारलं. मी सांगितलं, पाच. ती म्हणाली, "जा. तिला मी धरते. कसं धरायचं?"

खांद्यांवर, जोर देऊन, मी म्हटलं, आणि दार उघडलं. सी तय्यब उठून उभे राहिले. काय झालं, त्यांनी विचारलं. मी म्हटलं, पाणी आणते. त्यांनी माझ्या रिकाम्या हातांकडे बघितलं, पण तोवर मी चार पायऱ्या उतरले होते.

खोलीच्या खालून थेट विराजमध्ये उतरायला एक अरुंद दार आहे. मी त्यातून बाहेर आले आणि तीन हजार पुरुषांच्या मधोमध उभी राहिले. आयुष्यात कधी इथं पाऊल ठेवलं नव्हतं. वरच्या ओळीतला एक जण वळला, शेजाऱ्याला कोपर मारलं. मुनजीची बायको, तो म्हणाला. ते कुजबुजणं माझ्यापुढे पळत खाली गेलं. आणि मग ती माणसं उठायला लागली. एकेक ओळ उठून बाजूला सरत होती, उजवा हात छातीवर. ढोल पालथा, विराज गप्प, आणि मुनजीची विधवा पायऱ्या उतरतेय, याचा अर्थ त्यांनी त्यांच्या परीनं लावला. एका म्हाताऱ्यानं डोक्यावरची टोपी काढली. "अल्लाह त्याला जवळ घेवो, पोरी," तो म्हणाला. "धीर धर."

दफनाला आमच्याकडे बायका जात नाहीत. त्या दिवशी मी घरात होते, बायकांमध्ये, आणि त्या रविवारीही. या माणसांनी माझ्या नवऱ्यासाठी धरलेली शांतता मी पाहिलेली नव्हती. आता ती दोन्ही बाजूंनी उभी होती आणि मी तिच्यातून चालत होते. मला थांबून एकेकाचा हात हातात घ्यावासा वाटत होता. पण घड्याळात तेरा झाली होती, आणि मी लोकांचे सांत्वनाचे शब्द तोडून कोपरानं वाट काढत पळाले.

शाधली भिंतीवरून उडी मारून खाली आला. "वर आवाज येतोय का?" त्यानं विचारलं. "कोण बडबडतंय सांग फक्त, बाहेर काढतो."

"ढोल उचल."

"पण पहिला हाफ तू..."

"शाधली, ती विचारतेय कोण मेलं. तिला मुनजीचं माहीत आहे. पहिल्या दिवसापासून माहीत आहे."

त्याचा चेहरा मला बघवला नाही. इटलीहून आलेली चॉकलेटं म्हणून तो दोनदा डबा घेऊन आला होता, आणि दुर्रासमोर तिचा बाप तिकडे कसा छान राहतो याच्या गोष्टी रंगवून सांगून गेला होता. तो ढोलापाशी गुडघ्यांवर बसला. मी म्हटलं, तिला पंधराव्या मिनिटाला ढोल हवाय. त्यानं मैदानाकडे तोंड फिरवलं, कारण घड्याळ त्या टोकाला आहे. अजून पन्नास सेकंद होती. मी म्हटलं, वाजव ना. त्यानं मान हलवली. "पंधराला म्हणजे पंधरालाच," तो म्हणाला. "तिला मोजता येतं."

ती पन्नास सेकंदं कशी गेली ते मला सांगता येणार नाही. मी वर काचेकडे बघत होते आणि उन्हामुळे काचेत फक्त आभाळ दिसत होतं. मग शाधलीनं ढोल उचलला आणि टिपरू घातलं.

आधी एकच ठोका, मग तीन, आणि मग सगळा विराज एकदम फुटला. माझ्या पायाखालचं काँक्रीट थरथरलं. आणि तेव्हा माझ्या लक्षात आलं की टोपणं कानांसाठी असतात, तळपायांसाठी नसतात. वरच्या खोलीची जमीन याच काँक्रीटची होती.

मी वर पोहोचले तेव्हा दार सताड उघडं होतं. जुळे टेबलाखालीच होते, बिस्किटं खात. मोठी मुलगी तशीच छताकडे बघत पडली होती. दुर्रा दोन्ही तळहात आणि गाल काचेला लावून उभी होती, डोळे मिटून, आणि मनगट कोरडं होतं. "कोणी नाही मेलं," ती म्हणाली. मी म्हटलं, नाही मेलं. वसीला आणि कैस नव्हते. सी तय्यबही नव्हते.

ढोल सुरू झाल्यावर कैस किंचाळत जिन्यावरून खाली पळाला होता. जुळ्यांच्या आईनं मला सांगितलं, नजर चुकवून. अगदी तसंच झालं होतं जसं व्हायला नको होतं.

हाफ टाइमपर्यंत मी खोली सोडू शकले नाही. शिट्टी वाजली तशी दुर्राला म्हटलं, मी खाली जातेय, जिन्यापाशी, पाच मिनिटांत येते. आणि उतरले. तळाशी, पाण्याच्या टाकीमागे, जिथं आवाज कमी पोहोचतो, तिथं वसीला जमिनीवर बसली होती. कैस तिच्या मांडीत, डोकं तिच्या ओढणीत, हात कानांवर, कोपरं वर. त्याच्या अंगावर सी तय्यबांचा कोट होता. सी तय्यब नुसत्या शर्टावर समोर उभे होते.

"झाला तमाशा," ते मला म्हणाले.

मी तोंड उघडण्याआधी वसीला बोलली. तिनं मान वर केली नाही. "चौदा मिनिटं," ती म्हणाली. "माझा मुलगा चौदा मिनिटं हात खाली ठेवून उभा होता. आठ वर्षांत असं कुठं घडलं नाही. तुमच्या कागदावर तमाशा लिहाल तर त्याच्या शेजारी हेही लिहा."

 सी तय्यबांनी खिशात हात घालून किल्ल्या वाजवल्या, मग कैस दचकला म्हणून थांबले. मग घसा साफ केला. "दोन आठवड्यांनी पुन्हा मॅच आहे," ते म्हणाले. "त्या शाधलीला मी काय सांगू? ढोल की शांतता? मला एक काहीतरी सांगा."

मी म्हटलं, शांतता. पूर्ण हाफ, कैससाठी. फक्त ढोल पालथा घालायचा नाही, उभा ठेवायचा.

वसीलानं आता मान वर केली. "आणि तुझी?" तिनं विचारलं. "तिचं काय?"

 मी सांगणार होते, त्या दिवशी तिला घरी ठेवीन, गॅलरीचं दार लावून घेईन, असलंच काहीतरी. पण मागे पायऱ्या मोजल्याचा आवाज आला, एक्याऐंशी, ब्याऐंशी. दुर्रा माझ्या मागून उतरून आली होती, टोपी डोळ्यांवर. शेवटच्या पायरीवर ती थांबली. आमच्या कोणाकडे न बघता, टाकीच्या गंजलेल्या पत्र्याकडे बघत ती म्हणाली, "आधी सांगायचं."

"सांगू हं," वसीला म्हणाली. तिला वाटलं, ढोलाबद्दल चाललंय.

दुर्रा हलली नाही. ती माझ्या उत्तराची वाट बघत होती.

"हो," मी म्हटलं. "आधी सांगीन. खरं ते सांगीन."

तिनं मान डोलावली, वळली आणि पुन्हा एकपासून मोजत जिना चढायला लागली.